खांबांसाठी खड्डे

अकोल्यात त्या वर्षांत नळ आठवड्याने यायचा, कधी त्याहून उशिरा, आणि आमच्या कॉलेजच्या फुटबॉल मैदानाला मात्र रोज सकाळी टँकर यायचा. मी बास्केटबॉलच्या मुलींची कॅप्टन. कुंपणाशी उभी राहून मी तो लांबलचक पाइप गवतावरून फिरताना बघायची आणि माझं डोकं फिरायचं. घरी आम्ही भांडी घासलेलं पाणी झाडांना घालत होतो.

मुळात गवत कशाला, हाच माझा प्रश्न होता. अख्ख्या वऱ्हाडात फुटबॉल मातीत खेळतात. जुन्या शहरातली पोरं तर नदीच्या कोरड्या पात्रात खेळून तयार झालेली, आणि तीच आमच्या कॉलेजच्या संघात होती. मग कुठूनतरी ट्रक भरून आणलेलं हे गवत, बसायला सिमेंटच्या पायऱ्यांची गॅलरी, मधोमध खुर्च्यांसाठी वेगळा छपराचा भाग, हे सगळं कुणासाठी? आमच्या वाट्याला मातीचं कोर्ट, दोन लोखंडी खांब, त्यांवर पावसाने फुगलेले लाकडी फळे. एका रिंगला जाळी होती, दुसरीला नव्हती. चुन्याच्या रेषा आम्हीच मारायच्या.

संशय घेणं हा माझा स्वभावच आहे, ते मी नाकारत नाही. आई म्हणायची, ही पोरगी प्रसादाचा शिरासुद्धा उकरून बघते. पण कॉलेजात एवढं उघड पाणी मुरत असताना बाकीच्यांना ते दिसत कसं नाही, याचंच मला नवल वाटायचं.

आम्ही मूळचे अमरावतीचे. वडील शाळेत शिक्षक, त्यांना अकोल्यात नोकरी मिळाली म्हणून आलो. अमरावतीत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरातलं एक तरी पोर संध्याकाळी मैदानावर असायचं, त्यामुळे बास्केटबॉल मला दूधभातासारखा मिळाला. अकोल्यात आल्यावर कळलं की इथे मुलीच्या हातात चेंडू दिसला की लोक आधी मुलीकडे बघतात. तरी मी खेळत राहिले, कारण माझं एक ठरलेलं होतं. बी.ए. झाल्यावर अमरावतीला परत जायचं आणि शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची. त्यासाठी विद्यापीठाच्या संघात निवड झाली की प्रवेश जवळजवळ नक्की. वडिलांनी माझ्याशी सरळ सौदा केला होता. शेवटच्या वर्षी निवड झाली तर खुशाल जा, नाही झाली तर हा नाद सोडायचा, टायपिंग शिकायचं आणि नोकरी बघायची. ते वाईट वागत नव्हते. घरात माझ्यामागे आणखी दोघी शिकायच्या होत्या. निवड चाचणी दिवाळीनंतर होती.

ती वर्षं एकूणच वाईट. रोज पेपरात शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत एखाद्या गावाचं नाव यायचं. वर्गातल्या खेड्यावरच्या मुली वेचणीच्या दिवसांत दिसेनाशा व्हायच्या आणि त्यातल्या काही परत यायच्याच नाहीत. आमच्या संघातल्या दोघी अशाच गेल्या. दुसरीकडे शहरात पाहुण्यांची रीघ. आज अमुक नेते आले, उद्या तमुक समिती आली, गाड्यांचे ताफे, कॅमेरे. या सगळ्यांना दुःख बघून झालं की बोलायला एक जागा लागायची, आणि ती जागा देण्यासाठी शहरातल्या संस्थाचालकांची चढाओढ असायची. आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्यात सगळ्यांत पुढे. पांढरे कपडे, हसरा चेहरा, सगळ्यांना खांद्यावर हात ठेवून विचारणार, बरं हाय नं? कॉलेजच्या मागे तारेच्या कुंपणापलीकडे त्यांचंच शेत होतं. काळीभोर जमीन, पार नाल्यापर्यंत.

आणि अशात गणपती उठल्यावर क्रीडाशिक्षकांनी आम्हाला बोलावून सांगितलं की मुलींसाठी सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट होणार आहे. अनुदान आलंय.

बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत. तीन वर्षं आम्ही जाळी मागत होतो, ती मिळाली नव्हती. आता न मागता सिमेंट?

"सर, आत्ताच का?" मी विचारलं.

"म्हणजे? नको का तुम्हाला?"

"हवंय. पण आत्ताच का?"

सरांनी हातातली वही मिटली. त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती, त्यामुळे त्यांना प्रश्न आवडत नसत. ते म्हणाले, "तुला ना, देवाने दिलं तरी पावती लागेल."

दुसऱ्याच दिवशी आमचे खांब उखडले. कॅन्टीनच्या मागे नेऊन आडवे टाकले. गवंडी आले, खडी आली, आणि आठ-दहा दिवसांत मातीच्या जागी राखाडी चौकोन तयार व्हायला लागला. मी रोज तास बुडवून तिथे जाऊन उभी राहायची. एके दिवशी मला एकदम जाणवलं की खांब उभे करायला चारी बाजूंना कुठेही खड्डाच ठेवलेला नाही. गवंड्याला विचारलं.

तो थापी चालवत म्हणाला, "खांबाचं मले कोनी काई सांगितलं नाई, बाई. चोपडं कर म्हने. पानी निंगाले एका बाजूनं उतार ठेव म्हने. अन् कडेनं वीतभर पाळ बांध."

"कडेला पाळ? अहो, धावताना आम्ही अडखळून पडू!"

"मले काय मालूम, बाई. मले सांगितलं तसं मी करून राहिलो."

कडेला वीतभर उंचीची पाळ, एका बाजूला उतार आणि खांबांना जागा नाही. जगात असं कोर्ट कुठे असतं? मी विचार करकरून शेवटी शोध लावला. पार्किंग! फुटबॉलच्या गॅलरीत येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायला ही जागा. पाळ कशाला, तर गाड्या रेषेत राहाव्यात म्हणून. मी हा शोध संघातल्या प्रत्येकीला सांगितला. माझी जवळची मैत्रीण डावखुरी, चांदूर बाजारची, अकोल्यात मामाकडे राहून शिकायची. ती म्हणाली, "तुले तं सगळ्यातच घोळ दिसते व. काहून एवढी कावते?"

"कावू नाही तर काय करू? दिवाळीनंतर चाचणी आहे. रिंग कुठे आहे?"

रिंग नव्हतीच. शहरात दुसऱ्या कोर्टावर मुलांचे संघ खेळायचे, तिथे आम्हाला उभं करत नव्हते. मग आम्ही ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीवर खडूने एक गोल काढला आणि त्यावर चेंडू मारायला लागलो. आतून ग्रंथपाल ओरडायचे, भिंतीचं प्लास्टर पडेल. आम्ही दोन मिनिटं थांबायचो आणि परत सुरू. माझा नेम चांगला बसायला लागला. दहांतले आठ-नऊ चेंडू बरोब्बर खडूच्या गोलात. मला वाटलं, चला, हात तरी तयार राहतोय.

त्याच भिंतीशी एका संध्याकाळी फुटबॉलचा कॅप्टन भेटला. जुन्या शहरातला मुसलमान मुलगा, अंगाने किडकिडीत, बूट खांद्यावर टाकून घरी निघाला होता. माझा त्याच्यावर राग होता. गवत, गॅलरी, टँकर, सगळं त्याच्याच नावाने चाललंय असं मी धरून चालले होते. मी सरळ म्हटलं, "मजा आहे बुवा तुमची. लोळा गवतावर."

तो हसला. "दीदी, तुमाले आमची मजा दिसते. आमाले त्या गवतावर पाय ठेवू देत नाई, कसम से. मंत्री येईन, उद्घाटनाची मॅच होईन, तवापर्यंत कोनी जायचं नाई म्हने. आमी अजून नदीतच खेळून राहिलो."

मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. खरंच, तळाला नदीची वाळू चिकटलेली होती. पण मला लगेच विश्वास ठेवायची सवय नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाट वाकडी करून पुलावर गेले. खाली कोरड्या पात्रात आमचा फुटबॉल संघ दोन दगडांचा गोल करून खेळत होता. तिकडे कॉलेजात गवतावर पाइप चालू होता.

मग मात्र मला राहवलं नाही. डावखुरीला घेऊन मी थेट अध्यक्षांच्या घरी गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बाजूला मळणीयंत्राला कुणीतरी तेल घालत होतं. आम्हाला बघून ते उठले, चहा सांगितला.

मी म्हटलं, "साहेब, कोर्टाला खांबच नाहीत. खड्डेसुद्धा ठेवले नाहीत."

ते मुळीच गडबडले नाहीत. "येऊन राहिले नं पोरी, नागपूरहून. नवे खांब. चाकावर चालतात ते. त्यायले खड्डे लागतच नाई."

डावखुरीचा चेहरा उजळला. चाकांवरचे खांब! मलाही क्षणभर वाटलं, असेलही. तरी मी विचारलं, "फुटबॉलला इतकं सगळं झालं, मग आमचं नेहमी मागे का राहतं?"

"फुटबॉल म्हंजे गर्दी. हजार मानूस येते. तुमच्या खेळाले कोन येते? कंपाउंडावर बसून टवाळ पोट्टे पायतात, तेवढेच." आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिवाळीच्या आंधी खांब लागतीन. घ्या, चहा घ्या."

चहा चांगला होता, आलं घातलेला. बाहेर पडल्यावर डावखुरी म्हणाली, पाय, किती भला मानूस. मी म्हटलं, भल्या माणसाला खांब दाखवायला काय हरकत होती? ती तरातरा पुढे चालायला लागली.

नवं सिमेंट ओलं ठेवावं लागतं, हे घर बांधलेल्या कुणालाही माहीत असतं. वर मातीची आळी करून त्यात पाणी भरतात, नाहीतर ते कच्चं राहून त्याची भुकटी निघते. आमच्या कोर्टावर आळी केलेली मी पाहिली. त्यात पाणी मात्र कधीच नव्हतं. शिपाई म्हणायचा, टँकर आला की तिकडेच संपतो, मंत्र्याची तारीख जवळ आलीय. वर ऑक्टोबरचं ऊन. कोर्ट चार-पाच दिवसांत पांढरट पडलं.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. खांब आले नाहीत. भाऊबीज झाली तशी मी संघातल्या मुलींना निरोप धाडले की उरलेले दिवस तरी नव्या कोर्टावर पळू, पासिंग करू. सकाळी आम्ही फाटकातून आत शिरलो आणि थांबलो.

सगळ्या कोर्टावर सोयाबीन पसरलेलं होतं. या पाळीपासून त्या पाळीपर्यंत, एकसारखं. कोपऱ्यात मळणीयंत्र, त्याच्या मागे भुसाचा ढीग, ट्रॅक्टरच्या चाकांचे पट्टे. अध्यक्षांच्या शेतावर वर्षाच्या बोलीने राबणारा सालदार दाताळ्याने दाणे खालीवर करत होता.

डावखुरीच्या तोंडून निघालं, "अव माय! हे तं खयं केलं."

खयं म्हणजे खळं, मळणीची जागा. तिने बघताक्षणी ओळखलं, आणि मी महिनाभर पार्किंग पार्किंग करत बसले होते. मी शहरातली, सोयाबीन मला तेलाच्या डब्यावरचं माहीत. तिने सांगितलं तेव्हा सगळं जुळलं. काळ्या जमिनीत खळं करायचं तर जमीन चोपावी लागते, शेणाने सारवावी लागते, तरी भेगा पडतात आणि दाण्यात माती येते. ओला माल बाजारात कोणी घेत नाही, म्हणून तो वाळवायला लोक डांबरी रस्तेसुद्धा सोडत नाहीत. अध्यक्षांना शेताला लागून चोपडी, उताराची, पाळ बांधलेली जागा हवी होती. खांब असते तर ट्रॅक्टर आत वळला नसता.

माझ्या हातात चेंडू होता. मी तो रागाने त्या दाण्यांत आपटला. तो उसळलाच नाही, होता तिथेच बसला. उचलला तर खालून पांढरा झालेला, आणि माझी बोटंही पांढरी.

सालदार म्हणाला, "चिडू नका, बाई. दोन-चार दिवसांत उचलतो. मंग न्या तुमचं कोर्ट."

सरांकडे गेलो. ते म्हणाले, सुट्टीत कोर्ट रिकामंच होतं ना, तात्पुरतं आहे. मी विचारलं, सर, खरं सांगा, नागपूरहून खांब कधी मागवलेच नव्हते ना? ते टेबलावरचे कागद नीट लावायला लागले. त्यांची कीव यावी असा तो चेहरा होता, पण मला कीव आली नाही. मला त्यांच्या टेबलावरची शिट्टी उचलून खिडकीबाहेर फेकावीशी वाटली.

परत भिंत, परत खडूचा गोल.

अमरावतीला चाचणीसाठी गेले तेव्हा तिथे राहणाऱ्या माझ्या मामांनी मला मैदानापर्यंत सोडलं. ओळखीची हवा, ओळखीचे रस्ते. मनात म्हटलं, हेच माझं गाव, इथेच यायचंय. वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुली होत्या. वरूडच्या दोघी संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या आणि सगळ्यांना वाटत होत्या. धारणीची एक होती, आदल्या दिवशी जीप आणि एसटी बदलत आलेली, काळी, चपळ, फारशी न बोलणारी. मी तिला विचारलं, तुमच्याकडे कोर्ट कसं आहे?

"मातीचंच हाय," ती म्हणाली. "पावसाळ्यात चिखल होते. खांब चांगले हायेत पन."

पळण्यात, पासिंगमध्ये, चेंडू टप्प्याने नेण्यात मी कुणाला हार गेले नाही. निवडकर्त्या बाई वहीत काहीतरी टिपत होत्या आणि माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. मग रेषेवरून एकेकीला चेंडू टाकायला लावले. मी टाकला. रिंगच्या पुढच्या कडेवर खणकन आपटून माझ्याच अंगावर परत आला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. माझा नेम चुकत नव्हता. अगदी मधोमध जात होता, फक्त सपाट जात होता. भिंतीवरच्या गोलात चेंडू सरळ मारावा लागतो. रिंगमध्ये तो वरून पडावा लागतो. दोन महिन्यांत माझा हात ते विसरला होता, आणि विसरलाय हे मला त्या रेषेवर उभं राहून कळत होतं. मी उंच टाकायला गेले तर तो फळ्यावरून पलीकडे गेला.

निवडकर्त्या बाई जवळ आल्या. चिडून नव्हे, खरंच न कळून त्यांनी विचारलं, "अगं, तू भिंतीवर मारल्यासारखा का मारते आहेस?"

मी चेंडू त्यांच्या हातात दिला. रडू येत होतं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग येत होता. धारणीच्या मुलीचा चेंडू उंच जायचा आणि आवाज न करता जाळीतून खाली यायचा. तिची निवड झाली. यादीत माझं नाव नव्हतं. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरपर्यंत मी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून बसले आणि सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. अध्यक्षांना, सरांना, टँकरवाल्याला, मंत्र्याला.

वडील एवढंच म्हणाले, "रिंगमध्ये चेंडू कमी पडले का? बरं. झालं ते झालं."

पुढची बातमी फुटबॉलच्या कॅप्टनने आणली. त्याचे चाचा बाजार समितीत मापारी होते, धान्याचं वजन करायचे. अध्यक्षांचं सोयाबीन तिथे गेलं, व्यापाऱ्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला तर हात पांढरा. "व्यापारी म्हने, साहेब, हे सोयाबीन इकता का सिमेंट?" तो सांगता सांगता हसून खाली बसला. पाणी न पाजलेल्या कोर्टाची भुकटी सगळ्या मालात मिसळली होती. चाळलं, पाखडलं, तरी दाण्याला चिकटलेलीच. कोणी बोली लावेना. गवताने पाणी प्यायलं आणि खळं वाया गेलं. मीही हसले, कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. त्या गवताचंही फार बरं झालं नव्हतं. मंत्र्यांच्या सभेसाठी त्यात मांडवाचे खांब रोवले होते, आणि फुटबॉलवाले अजून नदीतच होते.

खळं म्हणून नापास झाल्यावर ते कोर्ट एकाएकी मुलींचं झालं. दोन दिवसांत घण घेऊन माणसं आली, सिमेंट फोडून खड्डे केले, कॅन्टीनमागचे आमचेच जुने खांब निळा रंग देऊन उभे केले. दोन्ही रिंगांना जाळ्या आल्या. मंडप पडला, फोटोवाला आला, मुलींच्या पालकांना आमंत्रणं गेली. सरांनी मला सांगितलं की कॅप्टन म्हणून पहिला चेंडू तू टाकायचा. मी नाही म्हणाले. सर म्हणाले, "माझ्यासाठी टाक." त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मी हो म्हणाले.

नारळ फुटला. अध्यक्षांनी हसत चेंडू माझ्या हातात दिला. मी रेषेवर उभी राहिले आणि मारला, सरळ, मला आता येत होता तसा. तो जुन्या फळ्यावर धाडकन आदळला आणि रिंगमध्ये पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

अध्यक्षांनी माइक जवळ ओढला. "पाहा! सोय करून दिली की आमच्या पोरी कशा खेळतात!"

वडील दुसऱ्या रांगेत बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते, मनापासून. सोमवारी माझा टायपिंगचा क्लास सुरू होणार होता.